स्वस्त मेकअपचा माल : दुकानात ठेवण्यापूर्वी

सातारा-सांगली भागात कापडाच्या दुकानाला जोडून कटलरीचा माल ठेवण्याची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. ब्लाऊजपीस, अस्तर, फॉल घ्यायला आलेली बाई साडीचा पदर पुढे करून त्याच रंगाची नेलपॉलिश मागते, टिकली मागते आणि आपल्याकडे नसेल तर शेजारच्या दुकानात जाते. अनेक तरुण व्यापारी बंधूंनी आमच्याकडे विचारणा केली आहे की, कापडाचा धंदा मंद आहे, तेव्हा थोड्या भांडवलात मेकअपचा स्वस्त माल ठेवावा काय? जरूर ठेवावा, असेच आमचे उत्तर आहे. मात्र या मालाची पारख कापडाच्या पारखेहून वेगळी आहे. लुगड्याचा रंग गेला तर गिऱ्हाईक चार शब्द बोलते आणि आपण नग बदलून देतो. तोंडाला लावायच्या क्रीमने कोणाच्या मूत्रपिंडाला इजा झाली तर बदलून द्यायला आपल्या फळीवर काहीच नसते. म्हणून हा विषय जरा विस्ताराने मांडत आहोत.

वास्तविक पाहता हा धंदा आपल्या लोकांना नवा नाही. अत्तार आणि मणेर ही आडनावे आपल्या दोन्ही जिल्ह्यांत गावोगाव आढळतात व ती धंद्यावरूनच पडलेली आहेत. बाजाराच्या दिवशी पाल ठोकून अत्तर, सुरमा, कुंकू, बुक्का, दातवण, आरसे, फण्या आणि बांगड्या विकायच्या, हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. सर्व जातिधर्मांच्या घरांतील बायका त्यांच्याकडून भरोशाने माल घेत. कारखानदारीतही आपली माणसे मागे नव्हती. इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांनी मुंबईत १९१९ साली ‘अफगाण स्नो’ बाजारात आणले आणि पुढे कित्येक वर्षे ‘स्नो’ म्हटले की लोकांना तेच आठवे. टाटांची ‘लॅक्मे’ त्यानंतरची, १९५२ सालची. विदेशी प्रसाधनांवर परकीय चलन जाते म्हणून देशी कारखाना निघावा अशी पंडित नेहरूंची इच्छा त्यामागे होती, असे सांगतात. १९८३ साली तामिळनाडूत कडलूर येथे सी. के. रंगनाथन यांनी अवघ्या १५ हजार रुपयांवर धंदा सुरू केला आणि शाम्पूची लहान पुडी खेड्यापाड्यांत नेली. गरीब गिऱ्हाईक माल नाकारत नाही, ते मोठी बाटली नाकारते, हे त्यांनी ओळखले. १९९५ साली रेव्हलॉन मोदी समूहाबरोबर भारतात आली आणि २०१२ पासून नायकासारखी कंपनी घरबसल्या माल पोचवू लागली. एवढ्या काळात आमचे पुष्कळ अत्तार बंधू जुन्याच चार वस्तूंवर बसून राहिले. आज पाटण, जत, आटपाडीकडील मुलगी मोबाइलवर भाव पाहून मग दुकानात पाय ठेवते. तिच्याशी बोलायचे तर दुकानदाराला मालाची माहिती हवी.

स्वस्त म्हणजे वाईट नव्हे

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ५० रुपयांची नेलपॉलिश म्हणजे विष आणि ५०० रुपयांची म्हणजे अमृत, असा प्रकार नाही. नेलपॉलिशचा मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज. तो कापसाच्या किंवा लाकडाच्या तंतूवर आम्लाची प्रक्रिया करून तयार होतो, म्हणजे कापडवाल्याचा तो लांबचा नातेवाईकच. तो एथिल ॲसिटेट, ब्यूटिल ॲसिटेट यांसारख्या द्रावकांत विरघळवतात, त्यात रंग आणि लवचिकपणा आणणारे पदार्थ घालतात. नखावर लावल्यावर द्रावक उडून जातो आणि पातळ पापुद्रा मागे राहतो. स्वस्त आणि महाग बाटलीतील मूळ कृती हीच. किमतीतील फरक पुष्कळसा बाटली, ब्रश, जाहिरात आणि नटीचे मानधन यांचा असतो, थोडा रंगाच्या दर्जाचा. ‘थ्री-फ्री’ असे छापलेले असेल तर त्याचा अर्थ टोल्यूइन, फॉर्मल्डिहाइड व डायब्यूटिल थॅलेट ही तीन द्रव्ये त्यात नाहीत. आता बऱ्याच स्वस्त बाटल्यांवरही हे लिहिलेले असते.

माल भरण्यापूर्वी थोडा वापरून पाहावा, ही आमची सर्वांना शिफारस आहे. आम्ही स्वतः ४० ते १०० रुपयांच्या दरम्यानच्या, निरनिराळ्या कंपन्यांच्या १२ बाटल्या घरी आणून सुनेच्या व मुलींच्या स्वाधीन केल्या आणि कोणती किती दिवस टिकली ते वहीत मांडायला सांगितले. भांडी-धुणे करणाऱ्या हातावर जाड एकच थर दिलेली नेलपॉलिश दुसऱ्या दिवशी टोकाला सुटली. त्याच बाटलीचे दोन पातळ थर, मध्ये वाळू देऊन लावले तर चार दिवस गेले. गडद मरून रंगाखाली बिनरंगी थर न दिल्यास नखे पिवळट पडली. चमकीची नेलपॉलिश दिसायला छान, पण काढताना नाकी नऊ आले. दोन बाटल्यांचे ब्रश पहिल्याच आठवड्यात फिस्कटले आणि त्या कंपनीला आम्ही दुकानात जागा दिली नाही. एवढी माहिती हाताशी असली की काउंटरवरच्या माणसाला नुसते “चांगली आहे, घ्या” म्हणावे लागत नाही. पातळ दोन थर लावा, असे सांगितलेले गिऱ्हाईक पुन्हा येते.

लिपस्टिक पारखायला कापडवाल्याला कोणी शिकवायला नको. पांढऱ्या मलमलच्या तुकड्यावर ओढून पाहावी. रंग एकसारखा उतरतो की कण राहतात, घासल्यावर किती पसरतो, ते लगेच दिसते. उन्हाळ्यात लिपस्टिकवर बारीक थेंब दिसतात, ते तेलाचे असतात. तेवढ्यावरून माल खराब म्हणू नये, पण वास खवट आला तर तो नग बाजूला काढावा. आणखी एक गोष्ट. सेल्समन ‘दहावर एक फ्री’च्या स्कीममध्ये फिकट गुलाबी रंगांचे डझन गळ्यात मारतो. आपल्याकडील सावळ्या व गव्हाळ वर्णाला मरून, विटकरी, तपकिरी-गुलाबी हे रंग खुलतात आणि तेच खपतात. फिकट रंग धूळ खात पडतात. स्कीमचा एक नग फुकट मिळतो आणि तीन नग अडकतात, हा हिशोब आधी करावा.

चेहऱ्या-हाताला लावायच्या वस्तूंत तर स्वस्त मालच खरा उपयोगी. पेट्रोलियम जेली, ग्लिसरीन, कोल्ड क्रीम या वस्तू साध्या आहेत. कार्तिक-मार्गशीर्षात साताऱ्याकडची कोरडी थंडी सुरू झाली की ओठ आणि टाचा फुटतात. त्याच सुमारास उसाचा हंगाम चालू असतो आणि तोडणीच्या बायकांचे हात पाचटाने चिरलेले असतात. त्यांना १०-२० रुपयांची जेलीची डबी लागते. महागड्या सीरमची बाटली दाखवून त्यांना लाजवण्यात काय अर्थ? उन्हासाठी सनस्क्रीन मागणारी गिऱ्हाइकेही आता वाढली आहेत. त्यावरील ‘एसपीएफ’ हा आकडा उन्हाच्या चटक्यापासून मिळणाऱ्या बचावाचा आहे, गोरेपणाचा नाही, एवढे त्यांना सांगावे.

लेबल कसे वाचावे

सौंदर्यप्रसाधने किरकोळ विकायला औषधाच्या दुकानासारखा परवाना लागत नाही. त्यामुळे बऱ्याच बंधूंची समजूत अशी की, या मालाला कायदाच नाही. हे चूक आहे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली माल बनवणाऱ्याला परवाना सक्तीचा आहे आणि २०२० पासून सौंदर्यप्रसाधनांसाठी स्वतंत्र नियमावली लागू आहे. डबीवर उत्पादकाचे नाव-पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच नंबर, वापरण्याची अंतिम तारीख आणि सर्व करांसह कमाल किंमत पाहावी. नेलपॉलिशसारख्या फार लहान बाटलीला काही तपशिलांची सूट असते, तेव्हा ते डझनाच्या खोक्यावर शोधावेत. परदेशी माल असेल तर आयातदाराचे नाव, पत्ता व नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक हवाच. उघड्या डबीच्या चित्रात ‘१२ एम’ असे छापलेले असते, त्याचा अर्थ झाकण उघडल्यापासून १२ महिने. गिऱ्हाइकांना हे सहसा ठाऊक नसते.

या कायद्यातील दोन गोष्टी दुकानदाराने पाठ कराव्यात. माल कोणाकडून घेतला, असे निरीक्षकाने विचारल्यास पुरवठादाराचे नाव-पत्ता सांगणे आपल्यावर बंधनकारक आहे. आणि माल परवानाधारक उत्पादकाकडून किंवा वितरकाकडून घेतला होता, वाजवी काळजी घेऊनही त्यातील दोष कळण्यासारखा नव्हता आणि माल नीट साठवला होता, हे सिद्ध केले तर दुकानदाराचा बचाव होऊ शकतो. हे सिद्ध करायचे कशाने? पक्क्या बिलाने. पुण्याच्या रविवार पेठेतील बोहरी आळी असो की मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट आणि अब्दुल रहमान स्ट्रीट, तेथे सचोटीने माल देणारे व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या बसले आहेत. त्यांच्या शेजारीच कच्च्या चिठ्ठीवर नामांकित कंपन्यांची नक्कलही मिळते. ३०० रुपयांची लिपस्टिक घाऊक भावात ५० रुपयांना पडत असेल तर ती खरी नाही, हे समजायला फार अक्कल लागत नाही. बनावट मालासाठी या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. चिठ्ठी घेतलेला माणूस त्या वेळी एकटा पडतो.

गोरे करणारी बिननावाची क्रीम

आता मुख्य धोक्याकडे वळू. ‘सात दिवसांत गोरेपणा’ अशी मागणी आपल्या पेठांत आहे आणि ती पुरवणारा मालही आहे. लेबल नसलेली पांढरी डबी, किंवा परदेशी छापाची. अशा क्रीमचा परिणाम खरोखर लवकर दिसतो आणि तेथेच गिऱ्हाईक फसते. त्यातील पारा त्वचेत रंग तयार होण्याची क्रियाच अडवतो. कातडी उजळ दिसते. पण पारा कातडीतून आत शिरून मूत्रपिंडात साठतो.

हे लांबचे उदाहरण नाही. आपल्या महाराष्ट्रात अकोल्यातील एकाच घरातील आई व दोन मुलींच्या मूत्रपिंडाला इजा झाल्याची बातमी २०२३ साली वृत्तपत्रांतून आली. त्यांची तपासणी मुंबईच्या केईएम रुग्णालयात झाली आणि बोट गेले ते तिघी वापरत असलेल्या क्रीमकडे. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातील मूत्रपिंडाच्या एका ठराविक विकाराचे २२ रुग्ण अभ्यासले. त्यांतील १५ रुग्णांत एक दुर्मिळ प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरे करणारी क्रीम वापरल्याचे सांगितले. ही माणसे आजारी पडली ती उपासमारीने किंवा व्यसनाने नव्हे. त्यांनी विश्वासाने एक डबी विकत घेतली होती.

भारतात सौंदर्यप्रसाधनात पारा घालण्यास मनाई आहे. नकळत आलेला अंश डोळ्यांच्या प्रसाधनात दशलक्ष भागांत ७० आणि इतरांत १ भाग यापलीकडे चालत नाही. पाऱ्यासंबंधीच्या मिनामाटा करारानेही पारायुक्त सौंदर्यप्रसाधने जगभर बंद करण्यासाठी २०२५ ची मुदत ठरवली. तरीही माल फिरतो. येथे आपल्या वाचकांना एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे अगत्याचे आहे. डबीवर उर्दू मजकूर दिसला की आमच्या भगिनींना तो माल आपलासा वाटतो. लिपी आपली असली म्हणून आतला माल शुद्ध ठरत नाही. पाकिस्तानच्या हवामान बदल मंत्रालयानेच तेथील गोरेपणाच्या ५९ क्रीम तपासल्या, तेव्हा ५६ मध्ये पारा मर्यादेपेक्षा जास्त निघाल्याचे २०१९ च्या अखेरीस जाहीर झाले होते. घटकांत कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड किंवा ‘मर्क्युरी’शी जुळणारा कोणताही शब्द दिसला तर डबी परत करावी. मुळीच घटक लिहिलेले नसतील तर तिला हातही लावू नये.

दुसरा प्रकार स्टेरॉइडच्या मलमांचा. ही औषधे आहेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध दुकानातूनच विकायची. ती गोरेपणासाठी म्हणून कटलरीच्या दुकानात विकली जातात, कोणी घरी दुसऱ्या क्रीममध्ये मिसळून डबीत भरून देते. काही महिन्यांनी चेहरा लाल होतो, पुरळ येते, कातडी पातळ पडते आणि मलम बंद केले की त्रास वाढतो. असा माल मागणाऱ्या गिऱ्हाइकाला “आम्ही ठेवत नाही” एवढे सरळ उत्तर द्यावे. ते शेजारी जाईल आणि आपला गल्ला त्या दिवशी थोडा कमी भरेल. तो तोटा सहन करण्यासारखा आहे.

सुरमा, मेंदी आणि वुजू

मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात किंवा गावच्या जत्रेत सुट्या पुडीतला सुरमा हमखास मिळतो. बाजारातील काळा चमकदार सुरमा अनेकदा गॅलेना या खनिजाचा, म्हणजे शिशाच्या सल्फाइडचा असतो. शिसे लहान मुलाच्या मेंदूला घातक आहे, आणि मूल डोळे चोळून तेच हात तोंडात घालते. अत्तार बंधूंनी हा माल सोडून परवाना क्रमांक असलेले काजळ ठेवावे. बाळाच्या डोळ्यांत काहीच घालू नका, असे आज डॉक्टर सांगतात, तेही गिऱ्हाइकाला कळवावे.

चाँदरातीला मेंदीचे कोन शेकड्यांनी खपतात. खऱ्या मेंदीचा रंग आधी नारिंगी येतो आणि दुसऱ्या दिवशी गडद होतो. पाच मिनिटांत लालभडक करणारा ‘इमर्जन्सी’ कोन किंवा काळी मेंदी ही नुसती मेंदी नव्हे, त्यात दुसरे रसायन असते. काळ्या मेंदीत केसांच्या कलपातील पीपीडी सापडते व त्याने हाताला फोड येतात. ईदच्या दिवशी मुलीच्या हाताला फोड आलेले घर आपले दुकान विसरत नाही.

नेलपॉलिशबाबत भगिनी विचारतात ती वुजूची अडचण. पापुद्र्याखाली पाणी पोचत नाही, म्हणून पुष्कळ जणी ती लावतच नाहीत. पोलंडच्या इंग्लॉट कंपनीने २००९ साली हवा-पाणी आत जाऊ देणारी नेलपॉलिश आणली, त्यानंतर तशा दाव्याच्या बऱ्याच बाटल्या निघाल्या. २०१४ साली अहमदाबादेत तेली भगिनींनी ‘इबा’ हा हलाल प्रसाधनांचा ब्रँड सुरू केला, त्या दोघी स्वतः जैन कुटुंबातील आहेत. गिऱ्हाइकाची गरज ओळखायला त्याच्याच समाजात जन्मावे लागते असे नाही, हे आमच्या व्यापाऱ्यांनी टिपून ठेवावे. पाणी जाऊ देणाऱ्या नेलपॉलिशवर वुजू होतो काय, याबद्दल उलेमांत एकमत नाही. दुकानदाराने फतवा देऊ नये. कंपनीचा दावा काय तो सांगावा आणि बाकीचे आलिमांना विचारायला सांगावे. सोलून निघणारी नेलपॉलिश व रिमूव्हर दोन्ही ठेवले तर गिऱ्हाईक आपली सोय आपण पाहते. घटकांविषयीही विचारणा होते. ‘सीआय ७५४७०’ म्हणजे किड्यापासून काढलेला लाल रंग. सिटाइल अल्कोहोल हे मेणासारखे घट्ट असते, दारूतील अल्कोहोलशी त्याचा संबंध नाही.

साठवण आणि हिशोब

नेलपॉलिश व रिमूव्हर दोन्ही झटकन पेट घेतात. कापडाच्या गठ्ठ्यांशेजारी, पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा उदबत्तीजवळ ती खोकी कधीही ठेवू नयेत. सांगलीच्या एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याखाली द्रावक उडून नेलपॉलिश घट्ट होते ते वेगळेच. रिमूव्हरमधील ॲसिटोन सांडले तर ॲसिटेट धाग्याचे कापड अक्षरशः विरघळते. अस्तर आणि सॅटिनमध्ये हा धागा असू शकतो. तेव्हा रिमूव्हरची फळी वेगळी व खालची असावी. लिपस्टिकचा नमुना गिऱ्हाइकाला हाताच्या पाठीवरच लावू द्यावा. ओठाला लावलेला नमुना दुसरीला देऊ नये, आणि काजळाचा नमुना ठेवूच नये. नवीन क्रीम घेणाऱ्या बाईला कोपराच्या आतल्या बाजूस लावून एक दिवस थांबायला सांगावे.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले आणि सांगलीच्या पेठा बुडाल्या. अशा पुरानंतर भिजलेल्या मालाचे लॉट स्वस्तात निघतात. भिजलेले कापड धुऊन, इस्त्री करून ‘पुरातला माल’ असे स्पष्ट सांगून विकता येते. भिजलेली क्रीम, पावडर, काजळ मात्र कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. ती धुता येत नाही.

कराच्या बाबतीत कापडवाल्याचा नेहमी घोटाळा होतो. कापडावर ५ टक्के जीएसटी, तर लिपस्टिक, नेलपॉलिश, क्रीम यांवर १८ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून टाल्कम व फेस पावडर, शाम्पू, केसांचे तेल ५ टक्क्यांवर आले. कुंकू, टिकली आणि काचेच्या बांगड्यांवर कर नाही. ५९ रुपये छापील किमतीच्या नेलपॉलिशमध्ये ९ रुपये कराचेच असतात, हे नफा धरताना विसरू नये. कंपोझिशनमध्ये असलेल्यांना खरेदीवरील कराची वजावट मिळत नाही, त्यांनी खरेदी भाव करासह धरावा.

समजा ५,००० रुपयेच घालायचे आहेत. तर निम्मी रक्कम जेली, पावडर, टिकली, काजळ अशा रोज खपणाऱ्या मालात घालावी, दीड हजाराची नेलपॉलिश व रिमूव्हर, उरलेल्यात लिपस्टिकचे सहा-सात रंग. डझनाऐवजी तीन-तीन नग मागावेत, घाऊक व्यापारी आधी कुरकुरतो, मग देतो. प्रत्येक खोक्यावर खरेदीची तारीख आणि अंतिम तारीख पेनाने लिहावी, जुना माल पुढे ठेवावा. उधारी मुळीच नको. रमजानच्या १५ दिवस आधी, गौरी-गणपती, दिवाळी आणि लग्नसराईपूर्वी भरणा करावा. जून-जुलैत पेरणीमुळे हात आखडलेले असतात, तेव्हा एजंट कितीही आग्रह करो, नवीन रंग उचलू नयेत.